हातमोज्यातून चालणारी डायरी

सरळ रेषेचं वेड असलेल्या माणसाला मधमाश्यांच्या पेट्यांजवळ फिरकू देऊ नये, असा नियम त्या घरात कुणीतरी आधीच करायला हवा होता. केला नाही. मग काय, व्हायचं ते झालं.

घरातला मुलगा फरशी बसवायचं काम करायचा. हाताला चांगला, कामाला चोख, पण कुठे काही वाकडं दिसलं की त्याचे हात शिवशिवायला लागायचे. जेवायला बसला तरी आधी ताटलीशेजारचा चमचा सरळ करणार, मग पहिला घास. त्याची बायको म्हणायची, "माझं नाक मुळातच सरळ होतं म्हणून बरं, नाहीतर यांनी ओळंबा लावून तेही सरळ केलं असतं."

तर एका गुरुवारी संध्याकाळी, माश्या आत गेल्यावर, हा गृहस्थ धीर करून घरामागच्या उतारावर गेला. बापाच्या, म्हणजे आप्पांच्या, पेट्यांच्या झाकणांवरचे सगळे दगड त्यानं उचलले आणि प्रत्येक झाकणाच्या मधोमध, अगदी एका दोरीत, ठेवून दिले. लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं आणि खूश होऊन घरात आला. "आता कसं नीट दिसतंय!"

नीट! अहो, ते दगड म्हणजे आप्पांची सगळी आठवण होती. दगड झाकणाच्या पुढच्या कडेला असला तर आतली राणी नवी. मागच्या कडेला असला तर मध भरत आलाय. कोपऱ्यात असला तर काहीतरी बिनसलंय, लक्ष ठेवा. दगड उभा असला तर राणी मेली. आणि एकावर एक दोन असले तर ती पेटी तिखट, पुढ्यातून जाऊ नका, वळसा घाला. आप्पांनी कागदावर लिहून बघितलं नव्हतं असं नाही. पण मधानं पानं एकमेकांना चिकटली आणि उरलेली वही मुंग्यांनी वाचून संपवली. दगडाला मुंग्या लागत नाहीत.

ही दगडांची भाषा आप्पांखेरीज आणखी एकाच माणसाला थोडीफार यायची, आणि तिला ती येते हे कुणाला ठाऊक नव्हतं. ती म्हणजे त्यांची सून. आप्पा तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी आहे असं दृश्य घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. अपवाद फक्त रविवारचा. रविवारी आप्पा जाळीची टोपी आणि कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे चढवून पेट्या उघडायला जात, आणि भिंगरी कपडे वाळत घालायचं निमित्त करून कुंपणाशी उभी राहायची. एकेक रुमाल ती चारचारदा झटकायची. पुढच्या रांगेतल्या पेट्या तिला तोंडपाठ झाल्या होत्या. मागच्या रांगा मात्र कुंपणावरून दिसत नसत, आणि त्यांच्यासाठी तिचा जीव टांगणीला लागायचा.

तिला एकच हवं होतं. एक दिवस आप्पांनी हाक मारावी, "ये गं, धर ही पोळ्याची चौकट." पण तिनं ते कधी मागितलं नाही. मागितलं आणि नाही म्हणाले, तर विषयच संपला. न मागता निदान आशा तरी राहते, असं तिचं आपलं गणित. आप्पा कुणाला पेट्यांना हात लावू देत नसत, हे तर जगजाहीर होतं.

दगड सरळ झाल्याचं कळलं तेव्हा सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "अरे, बापाचं डोकं पुसून काढलंस रे!" मुलगा बिचारा खाली मान घालून चमच्याशी चाळा करत बसला. आप्पा मात्र रागावले नाहीत, आणि हेच मोठं विचित्र होतं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "तो बागवाला बागेत फळं चांगली धरावीत म्हणून कधीचा पेट्या विकत मागतोय. रविवारी येऊन घेऊन जा म्हणून सांगतो."

भिंगरीच्या हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. पुढच्या रांगेचे दगड मी जसेच्या तसे परत ठेवते, हे अगदी तिच्या जिभेवर आलं होतं. पण पुढची एक रांग सांगून मागच्यांचं काय करणार? तिनं शब्द गिळले. रविवार म्हणजे घोडामैदान जवळच होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर निघाली ती पाय ओढत. कपडे ड्रायक्लीन करायच्या दुकानात ती कपड्यांना चिठ्ठ्या टाचायची. वाटेत एक घड्याळवाला होता. त्याच्या काचेत घड्याळांशेजारी काही चपट्या, हाताच्या पंज्याएवढ्या वस्तू मांडल्या होत्या आणि वर पाटी होती: डिजिटल डायऱ्या, जुना साठा, कमी दरात. मोबाइल फोन तेव्हा नुसते बोलण्यापुरते असायचे, तेही असतील त्याच्याकडे. अशी बटणांची डायरी खिशात असली की माणूस मोठ्या कामाचा समजला जाई. भिंगरीनं ती पाटी वाचली, पुढे गेली, आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून येणारा सायकलवाला तिच्यावर ओरडला. तिला ऐकूही आलं नाही.

बटणं! कागद नाही, चिकटायचं काही नाही, मुंग्यांना वाचता येण्यासारखं काही नाही!

त्या दिवशी तिनं कुणाच्या कोटाला कुणाची चिठ्ठी लावली ते तिचं तिलाच माहीत. दुपारच्या सुट्टीत ती धावत घरी आली आणि दम न घेता आप्पांपुढे सगळं ओतलं. पेटीचा नंबर टाकायचा, पुढे राणी कशी आहे, मध किती आहे ते टाकायचं, नंबर दाबला की सगळं पुन्हा समोर. खिशात मावते. स्वस्त आहे. आप्पा, अहो आप्पा, बघायला काय हरकत आहे?

"उद्या जाऊ," आप्पा म्हणाले. "पण माझी एक अट. हातमोज्यातून चालली पाहिजे. पेटी उघडी असताना मी हातमोजा काढणार नाही. चालली तर बागवाल्याला नाही म्हणून सांगतो."

"चालेल!" भिंगरी म्हणाली. चालेल की नाही याचा तिला काही एक पत्ता नव्हता.

शनिवारी दोघं घड्याळवाल्याकडे गेली. आप्पांच्या खांद्याला कापडी पिशवी होती. दुकानात पोचताच त्यांनी त्यातून जाळीची टोपी काढून डोक्यावर चढवली, जाळी गळ्याशी बांधली, मग ते कोपरापर्यंतचे हातमोजे घातले, आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "दाखवा."

घड्याळवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. आत घड्याळाचा पट्टा बघत असलेली एक बाई पट्टा तिथेच टाकून बाहेर पडली. "क... काय हवंय ते घेऊन जा," घड्याळवाला म्हणाला, "गल्ला उघडाच आहे."

"अहो, डायरी हवीय!" भिंगरी ओरडली. "मधमाश्यांसाठी!"

"मधमाश्या डायरी लिहितात?"

मग सगळा खुलासा झाला, घड्याळवाल्याचा जीव भांड्यात पडला, आणि तो असा काही हसत सुटला की त्याला पाणी प्यावं लागलं. त्यानंतर मात्र माणूस चेव आल्यासारखा कामाला लागला. असं गिऱ्हाईक काय रोज येतं?

पहिली डायरी मोठी दिमाखदार होती. तिला बटणंच नव्हती. काचेवर काडीएवढ्या पेनानं टोचायचं. आप्पांनी ते पेन हातमोज्याच्या चिमटीत धरलं, ते सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा ते कपाटाखाली गेलं, आणि घड्याळवाला, भिंगरी अशी दोघंही ते शोधायला जमिनीवर पालथी पडली.

"ही नको," वरून आप्पांचा आवाज आला. "हिचं पेन सापडेपर्यंत माश्या गाव सोडून जातील."

दुसरी छोटी होती, तळहातात लपणारी, रबरी बटणांची, सगळ्यात स्वस्त. भिंगरीला ती बघताक्षणी आवडली. पण आप्पांचं बोट एका वेळी चार बटणांवर पडायचं. पाच दाबायला गेले तर पाच, सहा, आठ, नऊ असं सगळं कुटुंबच यायचं. ती बाजूला गेली.

तिसरी बोललेलं साठवणारी होती. आप्पा जाळीतून खणखणीत आवाजात बोलले, "सात नंबर, राणी नाही." डायरी तेच बोलली. भिंगरीनं टाळ्याच वाजवल्या. आणखी दोनचार पेट्यांचं बोलून झालं. मग आप्पांनी विचारलं, "आता मला फक्त सात नंबरचं ऐकव." घड्याळवाल्यानं बटण दाबलं, आणि डायरीनं पहिल्यापासून सुरुवात केली.

"अशी आमच्या घरी आहे एक," आप्पा म्हणाले. "काहीही विचारलं की लग्नापासून सांगते."

"थांबा, घरी गेल्यावर सासूबाईंना सांगते!" भिंगरी हसून म्हणाली. पण हसता हसता तिची नजर काचेकडे गेली. काचेतल्या डायऱ्या संपत आल्या होत्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काही खोटं नाही.

तेवढ्यात घड्याळवाल्यानं कपाळावर हात मारला आणि आत जाऊन एक धुळकट खोका आणला. त्यात एक जाडजूड, विटेसारखी डायरी होती. रंग उडालेला, कुणी घेत नाही म्हणून पडून राहिलेली. पण बटणं! चांगली वर आलेली, एकमेकांपासून लांब, कोटाच्या गुंड्यांसारखी. आप्पांनी पाच दाबलं. पाच आलं. सात दाबलं. सात आलं. प्रत्येक बटणाला ती टूं टूं ओरडत होती, म्हणून भिंगरीनं आधी तिचं तोंड बंद करायला लावलं. पेट्यांपाशी आवाज नको. मग तिला राहवलंच नाही.

"उन्हात दिसते का?" असं म्हणत ती डायरी घेऊन रस्त्यावरच गेली. दिसत होती! परत आली. "खाली पडली तर?" घड्याळवाल्यानं मन घट्ट करून ती गुडघ्याएवढ्या उंचीवरून पायपुसण्यावर टाकली. चालू होती! "आणि सेल बदलताना? सगळं पुसलं जाणार का? पेट्यांचं एका पूर्ण हंगामाचं लिहिलं आणि सेल गेला, तर पुढच्या वर्षी कुठल्या राणीचं वय किती ते कसं कळणार? दोन वर्षांची झाली की ती अंडी कमी घालते, तेव्हा ते कळलंच पाहिजे."

घड्याळवाल्यानं मोठा सेल काढून दाखवला. आत एक छोटा चपटा सेल होता, तो तेवढ्या वेळेपुरती आठवण सांभाळायचा. मोठा सेल परत घातला, बटण दाबलं. पाच आणि सात जागच्या जागी होते.

"आहेत! आप्पा, आहेत!" भिंगरी दुकानात अक्षरशः नाचली. "मिळाली! चला, बागवाल्याला सांगा आता!"

आप्पांनी ती डायरी जाळीपुढे धरली, लांब नेली, जवळ आणली, पुन्हा लांब नेली.

"काय लिहिलंय यात?" त्यांनी विचारलं.

"पाच आणि सात. तुम्हीच तर लिहिलंत."

"मी दाबलं. दिसत नाही मला."

भिंगरीचा आनंद पायातून जमिनीत गेला. "जाळीमुळे असेल," ती घाईघाईनं म्हणाली. "चष्मा लावून बघा. नाहीतर आपण भिंग बसवू वर. मी बसवून घेते कुणाकडून तरी."

आप्पांनी टोपी काढली. घामानं केस कपाळाला चिकटले होते. ते काउंटरपुढच्या स्टुलावर बसले, आणि घड्याळवाल्यासमोरच, काही आडपडदा न ठेवता बोलायला लागले.

"जाळीमुळे नाही. वर्ष होऊन गेलं, मला पेटीतली अंडी दिसत नाहीत. अंडी दिसली नाहीत तर राणी आहे की गेली ते कसं कळणार? मी आपला आवाजावरून, वासावरून अंदाज करतो आणि दगड ठेवतो. कधी बरोबर येतं, कधी चुकतं. दोन पेट्या मी चुकून घालवल्या. तुझ्या नवऱ्यानं दगड सरळ केले तेव्हा मला हायसं वाटलं बघ. म्हटलं, झालं, निमित्त मिळालं."

"मग इथे आलात कशाला?" भिंगरीचा आवाज चिरकला. तिला रडू येत होतं आणि रागही. "मला उगीच नाचवलंत!"

"बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"तू सासऱ्याला खूश करायला एवढी उड्या मारतेयस, की माश्यांसाठी." आप्पांनी हातमोजे एकेक करून उतरवले. "आता कळलं. सेल बदलताना राणीचं वय पुसेल का, असं सासऱ्यासाठी आलेलं माणूस विचारत नाही. आणि दोन वर्षांनी राणी अंडी कमी घालते, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," भिंगरी म्हणाली. "तुमच्या दगडांवरून कळलं, आणि दगड हलवताना तुम्ही पुटपुटता त्यावरून. कुंपणावरून पुढची रांग दिसते."

"तेच म्हणतोय मी. आमच्या घरातल्या धुतल्या रुमालांना एवढं झटकायला काय होतं?"

घड्याळवाला उगीचच एक घड्याळ पुसायला लागला.

आप्पांनी पिशवीच्या तळाशी हात घातला आणि हातमोज्यांची आणखी एक जोडी काढली. कोरी, पिवळट, पातळ चामड्याची, बायकांच्या मापाची. दोन्ही हातमोजे अजून दोऱ्यानं एकमेकांना टाचलेले होते.

"मागच्या वर्षीच आणून ठेवलेत," ते म्हणाले. "म्हटलं, मागेल तेव्हा देऊ. तू काही मागेनास."

"तुम्ही बोलावलं का नाही?" भिंगरी ओरडलीच. "चार वर्षं उभी आहे मी तिथे! एक हाक मारायला काय झालं होतं?"

"हाक मारली असती तर सून म्हणून आली असतीस. सासऱ्याला नाही कशी म्हणणार? माझे दोन्ही पोरगे, तुझा नवरा आणि त्याचा भाऊ, असेच आले होते. बापानं बोलावलं म्हणून आले, आणि पहिला डंख बसल्यावर पळाले. माझंही चुकलंच म्हण. एवढं ताणायला नको होतं."

भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तोंड मात्र हसत होतं. तिनं दातानं दोरा तोडला आणि हातमोजे चढवले. बोटाबोटाला बसले.

आप्पांनी ती विटेसारखी डायरी घड्याळवाल्याकडे सरकवली. "ही ठेवा आत. मघाची ती छोटी काढा, रबरी बटणांची."

"पण काका, तुमचं बोट त्यात..."

"माझ्या बोटाचं काय घेऊन बसलात? बोट हिचं."

छोटी डायरी पुन्हा काउंटरवर आली. भिंगरीनं श्वास रोखून पाच दाबलं. पाचच आलं, शेजारपाजारचं कुणी नाही. तिनं सगळे आकडे दाबले, सगळी अक्षरं दाबली, आवाज बंद करून पाहिलं, उन्हात नेऊन आली, पायपुसण्यावर टाकली, आणि सेल काढून घालायला लावला तेव्हा घड्याळवाला हात जोडून म्हणाला, "ताई, आता ही घ्याच. नाहीतर तुमच्या परीक्षेनंच मोडेल बिचारी."

घेतली! परतीच्या वाटेवर भिंगरीनं हातमोजे काढलेच नाहीत. लोक वळून वळून बघत होते. ती एका हातात डायरी धरून आप्पांना एकावर एक प्रश्न विचारत होती, आणि आप्पा म्हणत होते, "अगं जरा दम खा, मी म्हातारा आहे, माझ्याकडे एवढी उत्तरं एकदम नाहीत." घरी सासूबाईंनी तो थाट पाहिला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "मिळालं एकदाचं! सुटले मी. वर्षभर त्या हातमोज्यांवरची धूळ झटकतेय." म्हणजे त्यांनाही सगळं ठाऊक होतं. फरशीवाल्यानं नवी डायरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, तिच्या कडा सरळ आहेत म्हणून शेरा दिला, आणि यापुढे उताराकडे फिरकणार नाही असं कबूल केलं.

रविवारी सकाळी आप्पा आणि भिंगरी दोघंही जाळीच्या टोप्या चढवून उतारावर गेली. आप्पांच्या हातात धुराडं होतं, डब्यासारखं, मागे छोटा भाता असलेलं. माश्या शांत राहाव्यात म्हणून पेटी उघडताना त्यातून जरासा धूर द्यावा लागतो. भिंगरीनं पहिल्या पेटीचं झाकण उचललं. आतून उबदार हवा आली आणि तो आवाज, जो इतकी वर्षं तिनं लांबून ऐकला होता, थेट तिच्या छातीत शिरला.

"सावकाश," आप्पा म्हणाले. "मधली चौकट. सरळ वर उचल. ऊन पाठीमागून येऊ दे. पोळ्यातल्या घरांच्या तळाशी बघ."

तिनं चौकट उचलली. तिच्यावर माश्याच माश्या चालत होत्या. एक तिच्या मनगटावर चढली, चालत कोपरापर्यंत गेली आणि उडाली. भिंगरीनं उन्हाकडे पाठ केली, मान वाकवली, आणि तिला दिसलं. प्रत्येक घराच्या तळाशी एकेक पांढरा कण, सुईच्या टोकाएवढा, उभा.

"आहेत!" तिचा आवाज फुटला. "आप्पा, अंडी आहेत! सगळीकडे आहेत! राणी जिवंत आहे!"

आप्पांनी तोंड दुसरीकडे केलं. मग म्हणाले, "मी तिला मेलेली धरून चाललो होतो. लिही."

तिनं लिहिलं. दुसरी पेटी उघडली. तिसरी उघडली. तिसरीत एक माशी तिच्या हनुवटीला जाळीतून चावलीच, आणि ती कळवळून "आई गं!" म्हणाली, पण चौकट तिनं सोडली नाही. आप्पा बघत होते. मागच्या रांगेत शिरताना तर तिला कुणाच्या घरात पहिल्यांदाच पाहुणी म्हणून चाललेय असं वाटत होतं.

तेवढ्यात कुंपणापलीकडे गाडी थांबली आणि बागवाला उतरला. त्याला कुणी नाही म्हणून कळवलंच नव्हतं. बरोबर दोऱ्या, गोणपाट, सगळी तयारी.

"काय हो काका!" तो कुंपणावरून ओरडला. "पेट्या बांधून ठेवणार होतात ना? तुम्ही तर उघडून बसलात!"

भिंगरीनं आप्पांकडे पाहिलं. आप्पा धुराड्यात काहीतरी शोधत होते.

"विकायच्या नाहीत," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"अहो बाई, तुम्ही जरा थांबा. मी पेट्यांच्या मालकाशी बोलतोय. काका, तुम्ही सांगा बरं."

"मला कशाला विचारता?" आप्पा म्हणाले. "मी इथे नुसता धूर द्यायला आलोय."

आणि त्यांनी भाता दाबला.